बिब्ब्याची निशाणी

फ्रान्समधल्या त्या गावात मी कधी गेले नाही, आणि आता या गुडघ्यांनी कुठे जायची? पण त्या गावची धुण्याची जागा मला आमच्या पाणवठ्यापेक्षा जास्त पाठ आहे. ओढ्याच्या कडेला दगडी हौद, त्यावर कौलारू छप्पर, हौदाच्या काठाला आत उतरते दगड, आणि त्या दगडांपुढे गुडघे टेकून ओळीने बसलेल्या बायका. हे सगळं मला एका म्हातारीने कुवेतमधल्या अहमदीच्या बंगल्यात, इस्त्रीच्या टेबलापाशी हातवारे करकरून दाखवलं. पुढे तिचं जे केलं गेलं ते मी माझ्या मुलांना सांगितलं, तर इंग्रजीत म्हणतात, ‘सो सॅड.’ सॅड कसलं डोंबलाचं! चीड यायला हवी, चीड. मला अजून येते.

ही गोष्ट साठ सालाच्या आगेमागेची. आम्ही रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे मुसलमान. नवरा आधी मुंबईत एका लाँड्रीत कामाला होता. अहमदीला तेलवाल्या गोऱ्यांसाठी बंगले उभे राहिले, त्यांचे कपडे धुवायला माणसं लागणार, म्हणून तो बोटीने कुवेतला आला आणि जवळच फहाहीलच्या बाजारात त्याने स्वतःची लाँड्री काढली. मागाहून मी आले. कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून तो प्रत्येक घराची वेगळी निशाणी ठेवायचा. कुणाची फुली, कुणाचे ठिपके, कुणाच्या दोन आडव्या रेघा. निशाणी बिब्ब्याची. बिब्बे गावाहून बोटीने यायचे. सुई बिब्ब्यात खुपसायची, तेल टोकाला आलं की कापडावर निशाणी काढायची आणि वर ओला चुना दाबायचा. काळीकुट्ट बसते. शर्ट असला तर कॉलरच्या आत, चादर असली तर कोपऱ्यावर. याचा त्याला भारी तोरा होता. कुणीही गिऱ्हाईक आलं की त्याचं ठरलेलं वाक्य, “साब, कापड फाटेल, निशाणी जायची नाय.”

आमच्या गिऱ्हाइकांत एक फ्रेंच इंजिनिअर होता. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत कामाला. माणूस उंचापुरा, गोरापान, आणि बायकोपुढे एकदम मेणाचा. बायको मोठ्या शहरातली. तिचे रेशमी फ्रॉक लाँड्रीत पाठवायला ती तयार नव्हती, जळतील म्हणे. म्हणून आठवड्यातून दोनदा मी बंगल्यावर जाऊन इस्त्री करायची. बाकीचे कपडे, साहेबांचे शर्ट, चादरी, ड्रायव्हर लाँड्रीत आणून टाकायचा. मॅडमच्या घरची निशाणी होती दोन आडव्या रेघा आणि खाली एक ठिपका. मॅडम नोकरांशी इंग्रजीत बोलायची. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले होते, डोकं शाबूत होतं, कामापुरतं इंग्रजी मी तिच्याच शिव्यांतून उचललं.

साहेबांचा बाप वारला तेव्हा साहेबांनी गावचं घर विकलं आणि आईला कुवेतला आणली. एक ट्रंक आणि काळा झगा, एवढं घेऊन ती उतरली. तिला तिच्या भाषेशिवाय काही येत नव्हतं. ती भाषा त्या घरात दोघांनाच येत होती आणि दोघंही तिच्याशी बोलत नव्हती. साहेब पहाटे जायचे, संध्याकाळी यायचे. मॅडम तिच्याकडे बघून फक्त दारं बंद करायची. घरभर गार हवेची यंत्रं, पण म्हातारीच्या खोलीतलं बंद. गारव्याने सांधे धरतात, असं मॅडमचं म्हणणं. बाहेर वाळू तापून फुटायची वेळ आलेली आणि ही म्हातारीचे सांधे जपत होती!

मग म्हातारी माझ्यापाशी येऊन बसायला लागली. मी मागच्या खोलीत इस्त्री करायची, ती स्टुलावर बसून बघायची. कधी उठून माझ्या हातची घडी घ्यायची, उलगडायची, पुन्हा घालून दाखवायची. तिची घडी माझ्यापेक्षा सरस होती हे मान्य करायला मला काही दिवस लागले. ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या. काय अडलं? दोघींना कपडे कळत होते.

तिचं गाव एवढंसं. चार गल्ल्या, एक देऊळ घंटेचं, आणि तो धुण्याचा हौद. आमच्याकडे अंबाडी कुजवून दोर काढतात तसं तिथे एक झाड तळ्यात कुजवायचे, त्याचा धागा थंडीत बायका कातायच्या आणि त्याच्या चादरी विणल्या जायच्या. नवी चादर अंगाला टोचते, दर धुण्याला मऊ होत जाते. वर्षातून दोनदाच मोठं धुणं. मोठ्या पिंपात चादरी रचायच्या, वर चुलीतली राख, त्यावर उकळतं पाणी, आणि मग सगळं घेऊन हौदावर. जिला मधेच धुवायला जावं लागे तिच्या कपाटात चादरी कमी, हे गावाला कळायचं. म्हातारीने नाक उडवून दाखवलं, अशा बाईकडे गाव कसं बघायचं ते. मी हसले. म्हटलं, बाई, तुझं गाव आणि माझं गाव, दोन्हीकडे चोंबड्या सारख्याच.

लग्नाआधी मुलीने आपल्या चादरींवर कोपऱ्यात लाल धाग्याने दोन अक्षरं काढायची. एक आपल्या नावाचं, एक बापाच्या घराचं. हौदावर सगळ्यांची धुणी एकत्र, तेव्हा कुठली चादर कुणाची ते त्यावरून कळणार. आणि सगळ्यांत खाली, कपाटाच्या तळाशी, एक चादर कधीच न वापरलेली.

ती तिने मला एकदा दाखवली. ट्रंकेतून काढली, पलंगावर पडली, चादर अंगावर ओढून घेतली आणि हात छातीवर घेऊन डोळे मिटले. मग एक डोळा उघडून माझ्याकडे बघत हवेत लांबलांब टाके घातले. शेजारणींनी यायचं आणि तिला तिच्याच चादरीत शिवायचं, असा तिथला रिवाज. मग देवळाची घंटा. बाईसाठी कमी ठोके, पुरुषासाठी जास्त. मी म्हटलं, वा, तिथेही बाईला कमीच का!

मला काय, लगेच कळलं. माझ्या घरात, आमच्या ट्रंकेत माझ्या सासूचं कफन होतं. नवरा कुवेतहून लॉरीने हजला गेला होता तेव्हा आईसाठी कोरं कापड घेऊन, जमजमच्या पाण्यात बुडवून, वाळवून घेऊन आला. वाटेत ते डोक्यावर धरलं, जमिनीला लागू दिलं नाही. गावी जाणारं कुणी विश्वासाचं मिळेपर्यंत ते आमच्याकडेच होतं. हे मी म्हातारीला सांगितलं, अर्धं हातांनी, अर्धं कोकणीत. तिने माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

नवऱ्याशेजारी गावच्या कबरस्तानात आपल्याला जागा मिळणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. लेकाला तिने विचारलं होतं. तो ‘बघू’ म्हणाला होता, हे तिने मला खांदे उडवून दाखवलं. तेव्हा उरली होती ती चादर. तिच्यात शिवून घालवा मला, एवढीच तिची मागणी. लेकाला तीही सांगून ठेवली होती. त्याने हो म्हणून मान हलवली होती. मान हलवायला त्याचं काय जात होतं?

नाताळात मॅडमने पार्टी दिली. वाढायला मदत म्हणून मला बोलावलं. मी स्वयंपाकघरातून ताटं घेऊन बाहेर आले आणि बघते तर काय! लांब टेबलावर ती चादर अंथरलेली. कडक पांढरी, कोपऱ्यात लाल अक्षरं लोंबतायत. वर बाटल्या, मेणबत्त्या, भाजलेलं टर्कीचं धूड. म्हातारी दुपारपासून प्रार्थनेला गेली होती, तेवढ्यात ट्रंक उघडली होती बयेने. पाहुणे कापडावर हात फिरवून वाहवा करत होते, असलं कापड आता मिळत नाही म्हणत होते. मॅडम गप्प हसत राहिली. सगळ्यांचं खाणं उरकलं, तोंडं पुसून झाली, तेव्हा तिने ग्लास उचलला आणि इंग्रजीत म्हणाली, “तुम्ही आत्ता माझ्या सासूच्या कफनावर जेवलात.”

मग एकाला हसू फुटलं आणि सगळेच हसत सुटले. साहेबही हसले. मी डोळ्यांनी बघितलं, साहेबही हसले.

तेव्हाच म्हातारी दारात येऊन उभी राहिली. तिला इंग्रजी कळत नव्हतं, पण टेबल दिसत होतं. ती रडली नाही, ओरडली नाही. पुढे आली आणि कापडावर पडलेला पावाचा चुरा चिमटीने उचलायला लागली. पाहुण्यांच्या हातांमधून, ताटांच्या मधून. कुणी ताट सरकवलं नाही की कुणी उठलं नाही. चुरा मुठीत घेऊन ती आत गेली.

दारूचे डाग पडले होते. सकाळी ड्रायव्हरने ती चादर इतर कपड्यांबरोबर लाँड्रीत नेऊन टाकली. मी घरचं आवरून लाँड्रीत पोचले तोवर नवऱ्याचं काम झालं होतं. आधीच कुठली निशाणी असली की धोबी तिच्या शेजारीच आपली काढतो, शोधायला एकच जागा. त्याने त्या लाल अक्षरांना अगदी चिकटून दोन आडव्या रेघा आणि ठिपका काढला होता. चुना अजून ओला होता.

“या अल्ला! हे काय केलंत?”

“काय केलं? निशाणी केली.”

“ते कफन आहे तिचं!”

त्याने कोपरा उचलून बघितला. वाईट वाटलं त्याला, नाही असं नाही. पण बिब्बा तो बिब्बा. त्याने खार लावला, ब्लीच लावलं, घासघासून कापडाचा धागा फुलवला. रेघा हलल्या नाहीत.

धुतलेली चादर मी स्वतः घेऊन गेले. म्हातारीने सगळ्यांत आधी कोपराच बघितला. बोट ठेवून माझ्याकडे बघितलं, कुणाची? मी काय सांगणार? माझ्या आधी मॅडमने सांगितलं. दारात उभी होती. तिने अंगातल्या सुती फ्रॉकची पट्टी उलटून तीच निशाणी दाखवली, फ्रेंचमध्ये काही बोलली, आणि मलाही कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाली, “आता मेल्यावरही ही माझ्याच घरची.” आणि खदखदून हसली. मेली!

त्या गावच्या बाईला याचा अर्थ काय, ते मला कळत होतं. चादर बघून कुठल्या घरचं माणूस ते ओळखायचं, हेच ती जन्मभर शिकली होती. ती नवऱ्यापुढे, आईबापापुढे जाणार, आणि अंगावर सुनेच्या घरची निशाणी.

आठवडाभर ती माझ्यापाशी आली नाही. मग आली ती चादर आणि कात्री घेऊन. कापून टाक, म्हणाली. मी दाखवलं, अगं, तुझी अक्षरंही जातील, एवढी चिकटून आहेत. तिने मान हलवली. जाऊ देत. कात्री तिने माझ्याच हातात दिली आणि मी चालवली. कापलेला कोपरा तिने स्वयंपाकघरात नेऊन शेगडीवर धरला. बिब्ब्याचा उग्र वास घरभर पसरला. मॅडम नाक धरून ओरडत आली. म्हातारीने तिच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

मग लाल धागा हवा झाला. मी फहाहीलच्या बाजारात हिंडून आणला. दुकानदार रंग पक्का आहे म्हणून कसमा खात होता. म्हातारीने कापलेली कड दुमडून शिवली आणि कडेपासून जरा आत अक्षर काढायला घेतलं. तिला नीट दिसत नव्हतं. सुई बोटात जायची. मी काढते म्हटलं तर मला टेबलाकडे ढकललं. अक्षर जिचं तिनेच काढायचं असणार. उन्हाळा लागेपर्यंत पहिलं अक्षर झालं, जाड, ओबडधोबड, इंग्रजी एम असतो तसं. दोन खांब आणि मधे झोळी. तिच्या नावाचं. ते बोटाने चाचपून ती पहिल्यांदाच हसली. दुसरं, बापाच्या घराचं, काढायचं राहिलं.

जूनमध्ये ती गेली. बंद खोलीत, दुपारची. मी पोचले तेव्हा साहेब पलंगाशी उभे होते. उन्हाळ्याचं लवकर उरकायला हवं होतं. मी ट्रंकेतून चादर काढली आणि त्यांच्यापुढे धरली. मॅडम म्हणाली, “हे चिंधूक? कापलेलं? लोक काय म्हणतील?” तिने कपाटातून घरातली धुतलेली सुती चादर काढली, बाजारातली. तिच्या कोपऱ्यावर दोन आडव्या रेघा आणि ठिपका होताच.

मी साहेबांना म्हटलं, तुमच्या आईने सांगितलं होतं. तुम्ही मान हलवली होती. माझ्या इंग्रजीत म्हटलं, मग हिंदीत म्हटलं, मग तोंडाला येईल त्या भाषेत म्हटलं. साहेबांनी चादर हातात घेतली. मला वाटलं, आता तरी हा माणूस होईल. त्यांनी कापलेली कड बघितली आणि विचारलं, “कापली कुणी?”

मॅडमने माझ्याकडे बोट केलं.

“हिला घालवून दे,” साहेब म्हणाले. बस्स. एवढं बोलले आणि खिडकीकडे तोंड केलं. मॅडमने ती चादर माझ्या अंगावर फेकली. घेऊन जा, म्हणाली, पुन्हा इथे पाऊल टाकू नकोस. म्हातारीला सुनेच्या चादरीत गुंडाळून गोऱ्यांच्या कबरस्तानात नेली. टाके घालायला शेजारीण नव्हती. घंटा कुठली असायला?

चादर मी आमच्या ट्रंकेत ठेवली, सासूच्या कफनाखाली. नवऱ्याला ती दिसली तेव्हापासून त्याचा जीव तिच्यात. इस्त्रीच्या टेबलाला असलं जाड कापड मिळत नाही, कितीही तापलं तरी जळत नाही, उगाच पडून आहे. मी म्हटलं, हात लावून बघा. तेवढ्यापुरतं त्याने ऐकलं. मग माझं बाळंतपण आलं, मी इस्पितळात गेले. परत आले तर टेबलावर चादर, खाली घोंगडी, कडा खिळ्यांनी ठोकलेल्या. जागोजागी इस्त्रीचे पिवळे डाग.

“आईचं कफन डोक्यावर धरून आलात, जमिनीला लागू दिलं नाहीत,” मी म्हटलं, “आणि हे खिळ्यांनी ठोकलंत?”

“ती कोण आपली?” तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. खरंच विचारत होता.

मी खिळे उपटायला गेले. तर समोर धुतलेल्या शर्टांची चवड. वरच्याच्या कॉलरमध्ये दोन आडव्या रेघा आणि ठिपका. साहेबांचे शर्ट. बंगल्यातून मला काढलं तरी कपडे आमच्याकडेच येत होते, दुसरी लाँड्री लांब होती ना! माझ्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. खिळे तसेच ठेवले. नवऱ्याला म्हटलं, सरका, यांची इस्त्री मी करते.

डाग नव्हते त्या टोकाला पहिला शर्ट पसरला, पाणी शिंपडलं, इस्त्री दाबली. उलटून बघितला तर पाठीवर फिक्कट गुलाबी डाग. दोन खांब, मधे झोळी. दुकानदार खोटारडा निघाला होता, धाग्याचा रंग उतरत होता. टेबलावरच्या त्या जाड अक्षराचा ठसाच उठला होता लेकाच्या पाठीवर. दुसरा शर्ट मी मुद्दाम तिथेच पसरला. जास्त पाणी मारलं, जोराने दाबला. तिसराही. पश्चात्ताप विचाराल तर छे! हात दुखेपर्यंत दाबले.

दोन दिवसांत गाडी लाँड्रीपुढे उभी राहिली. मॅडम तणतणत आत आली, शर्ट टेबलावर आपटला. “हे काय आहे? सगळ्या रिफायनरीत हा घालून गेला!” मागून साहेब आले. त्यांनी शर्ट उचलला, उजेडात धरला. अंगठा त्या दोन खांबांवरून फिरवला. मग त्यांची नजर टेबलावर गेली. कड दुमडलेली, टाके वाकडेतिकडे, त्याच्या आत ते अक्षर. आईचं अक्षर लेकाला ओळखू येणार नाही? त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी टेबलाच्या या बाजूला उभी होते, इस्त्री हातात, आणि मनात म्हणत होते, बोल. आता तरी बोल रे.

साहेबांनी शर्टाची घडी घातली. म्हातारीसारखीच घालत होते, कोपऱ्याला कोपरा लावून. ती नवऱ्याच्या हातात दिली आणि विचारलं, “हे निघेल?”

“हो साब,” नवरा म्हणाला. “कच्चा रंग आहे. एका धुण्यात जाईल.”

गेला. एकाच धुण्यात गेला. पाठ पुन्हा पांढरीशुभ्र झाली, आणि कॉलरच्या आत दोन आडव्या रेघा आणि ठिपका होता तसा राहिला.